समुद्राला कान नसतात

लुंबिनीनं मागणं सोडलंय, हे रेणुकाच्या लवकर ध्यानातच आलं नाही. येणार तरी कसं? घरात गुडघ्याएवढा गाळ बसला होता. सुगत तो फावड्यानं ओढत होता, रेणुका घमेल्यात भरून बाहेर टाकत होती आणि सासू सरजाबाई दारात बसून गाळातून निघालेलं एकेक भांडं पुसत, हे आपलं की शेजारचं, ते ओळखत होती. कणगीतली ज्वारी सडून तिचा आंबूस वास वस्तीभर सुटला होता. गोधड्यांनी एवढं पाणी पिलं होतं की दोघांनी धरूनही एक उचलत नव्हती. अशा घरात सात वर्षांची पोर भाकर मागत नाही, पाणी मागत नाही, शेजारच्या पोरीच्या हातातला बिस्किटाचा पुडा बघून भोकाड पसरत नाही, तर आईला वाटायचं, चला, एवढं तरी बरं आहे.

सरजाबाईला मात्र ते बरं वाटलं नाही.

"रेणुका, पोरगी सकाळपून उपाशी हाय."

"मग वाढायचं न आत्या. मी हितं घान काढून राहिले."

"वाढलं तर खाती गं. मागत न्हाई. काल रातच्याला तहान लागली तर उठून माझ्या तोंडाकडं बघत बसली, पर पानी दे म्हनली न्हाई. म्या दिलं तवा घटाघटा पिली."

रेणुकानं घमेलं खाली ठेवलं. लुगड्याच्या पदराला हात पुसले आणि लेकीला समोर ओढलं. "काय गं? तोंडाला काय झालं तुझ्या?"

लुंबिनी पायाच्या अंगठ्यानं गाळ उकरत राहिली. आईनं हनुवटी धरून तोंड वर केलं तेव्हा कुठं बोलली, तेही एवढं हळू की सुगतला फावडं थांबवावं लागलं.

"मी मागितलं की लई येतं, आई."

रेणुकाच्या मस्तकात तिडीक गेली. कारण हे कुठून आलं ते तिला त्याच क्षणी कळलं.

आषाढात पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली. कोवळ्या सोयाबीनची पानं दुपारी मिटायला लागली, तेव्हा खैरवाडीच्या लोकांना धोंडी आठवली. एका लेकराला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लिंबाच्या डहाळ्या बांधायच्या आणि गावभर फिरवायचं. मागं पोरांचा घोळका गात चालतो. दारोदारच्या बाया त्या लेकराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात, ओंजळभर पीठ देतात, आणि ते लेकरू आभाळाकडं बघून पाऊस मागतं. पावसासाठी भिजायला, थंडीनं कुडकुडायला आणि भीक मागायला खैरवाडीनं मधल्या गल्लीतलं लेकरू कधी काढलं नाही. ते नेहमी ओढ्याकडच्या वस्तीतलं लागायचं. वस्तीनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा बाकीच्या देवांबरोबर हेही सोडून दिलं होतं. सरजाबाईच्या सासऱ्यानं तर धोंडी मागायला आलेल्या माणसाला पार वेशीपर्यंत हाकलत नेलं होतं म्हणे. मग यंदा काय झालं? यंदा वस्तीतली सगळी मोठी माणसं शेषेरावांच्या रानात खुरपायला गेली होती. शेषेरावांनी ओसरीवर पोरं जमवली, लुंबिनीच्या हातावर चॉकलेट ठेवलं, आणि पोर बिचारी नटायला मिळतंय म्हणून हरखून गेली. बस्स. एवढ्यात काम झालं.

त्या संध्याकाळी सरजाबाईनं डहाळ्या तोडून उकिरड्यावर फेकल्या आणि सुगत तरातरा शेषेरावांकडं गेला. शेषेराव म्हणाले, "लेकराचा खेळ होता रे, सुगत. मनावर घेऊन राहिला कामून?" सुगत परत आला. दुसऱ्या दिवशी खुरपायला तिथंच जायचं होतं, आणि तो गेला. रेणुकाही गेली. तो राग तिनं तसाच गिळला होता, आणि गिळलेला राग काही पचत नाही.

मग श्रावणात पाऊस आला. आला म्हणजे काय, कोसळला. महिनाभराचं पाणी एका पहाटेत पडलं. ओढ्यानं वस्ती अर्धी खाल्ली. कडेच्या घरातली म्हातारी लक्ष्मीबाई खाटेसकट वाहून गेली आणि खालच्या पुलाच्या कठड्याला सापडली. ती लुंबिनीला रोज चुलीत भाजलेलं कणीस द्यायची. शेषेरावांचे दोन बैल दावणीला बांधलेलेच मेले. काळ्या रानावर पिवळा गाळ पसरला. आणि लक्ष्मीबाईला पुलावरून आणत असताना गर्दीतलं कोणीतरी बोललं, "पोरीची धोंडी लागली बघा गावाला." कोण बोललं ते शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. असली वाक्यं बोलणाऱ्याला तोंड नसतंच. पण पोरांनी ते उचललं.

लेक हे बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी रेणुका तिला घेऊन शाळेत गेली, ती भांडायच्या तयारीनंच. पहिली-दुसरीला उज्ज्वला मॅडम होत्या. भोकरकडच्या, तरुण, आवाजानं मऊ. पोरं लुंबिनीजवळ बसत नाहीत, हे त्यांनाही दिसलं होतं.

"मी सांगितलं हो त्यांना," मॅडम म्हणाल्या. "धोंडीनं पाऊस येत नसतो म्हणून."

"त्यानं येत न्हाई, मग कशानं येतो ते सांगा न! नुसतं न्हाई न्हाई म्हनून लेकरं ऐकत्यात का? मान्सं मेली, बैल मेले, घरं गेली. ते पानी आलं कुठून?"

मॅडम म्हणाल्या, "बसा तुम्ही पण."

रेणुका बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मॅडमनी पोरांना शाळेच्या पडवीत नेलं. तिथं सुमनबाई दुपारची खिचडी शिजवत होत्या. पातेल्याभोवती पोरं बसली.

"समुद्र कोणी बघितलाय?" मॅडमनी विचारलं.

कोणीच नाही. पुनम नावाची पुढच्या दातांत खिंड असलेली पोर म्हणाली, "मुखेडच्या तळ्याएवढा असतो का, मॅडम?"

"त्यात सगळा नांदेड जिल्हा टाकला न, तरी कोपऱ्यात मावून जाईल. एवढं पाणी. आता बघा. आपण अंगावर गोधडी घेतली की काय होतं?"

"उबारा येतो!"

"माणसं कोळसा जाळतात, डिझेल जाळतात, मोठमोठे कारखाने चालवतात. त्या धुरात एक न दिसणारा वायू असतो. तो वर जाऊन पृथ्वीला गोधडीसारखा गुंडाळून बसतो. रोज एक गोधडी, वरून आणखी एक. मग पृथ्वी तापते. आणि ही गरमी सगळ्यात जास्त कोण पिऊन घेतं? समुद्र. आपल्याला चटका बसू नये म्हणून सगळं आपल्याच पोटात घेतो. पण घेऊन घेऊन त्यालाच ताप चढलाय."

"समुद्राला ताप?" पोरं हसली.

"हो तर. मासे घर सोडून थंड पाण्याकडे पळतात. काही मरतात. समुद्राच्या तळाशी प्रवाळ असतं, दिसतं झाडासारखं रंगीत, पण असतात बारीक बारीक जीव. ताप आला की त्यांचा रंग जातो, पांढरी पडतात, अन् ताप उतरलाच नाही तर मरतात. पाणी तापलं की फुगतं, वर बर्फ वितळून आणखी पाणी येतं, मग समुद्र काठच्या लोकांच्या घरात शिरतो."

"आमच्यावानी?" एका पोरानं विचारलं.

"तुमच्यावानीच. सुमनबाई, झाकण काढा बरं."

सुमनबाईंनी पदरानं धरून झाकण उचललं. वाफ भसकन वर आली, आणि झाकणाच्या पोटाचं पाणी टपटप चुलीत पडलं.

"जाळ बारीक तर वाफ थोडी. जाळ मोठा तर वाफ जास्ती. समुद्र जास्त तापला की वाफ जास्त उठते. तापलेली हवा ती उचलून धरते, वारा ती आपल्याकडे आणतो, अन् थंड झाली की एकाच जागी ओतून टाकते. म्हणून कधी महिनाभर थेंब नाही, अन् कधी एका पहाटेत ओढा घरात. पावसाचं सगळं वेळापत्रकच बिघडलंय."

पोरं झाकणाकडं बघत राहिली. रेणुकाही बघत होती. आजवर भाताच्या पातेल्याचं झाकण तिनं किती वेळा उचललं असेल, पण त्यात आपलं घर बुडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला बरं वाटलं. लेकीच्या डोक्यावरचं उतरलं असं वाटलं.

तेवढ्यात पुनमनं विचारलं, "मॅडम, म्हंजे लुंबिनीनं मागितलेलं पार समुद्रापस्तोर ऐकू गेलं?"

आणि मॅडम हसल्या. वाईट मनानं नाही, पोरं काही तरी गमतीचं बोलली की मोठी माणसं हसतात तशा हसल्या. सुमनबाईंनी पळी वाजवली, पोरं ताटं घ्यायला पळाली, आणि प्रश्न तिथंच पडून राहिला. रेणुकानं लेकीचं तोंड बघितलं. आपलं मागणं ऐकणारा कोण आहे हे तिला इतके दिवस माहीत नव्हतं. आता त्याचं नावसुद्धा कळलं होतं.

"हसल्या कामून तुमी?" रेणुकानं मॅडमना गाठलं. "लेकराला वाटलं न, समुद्रानं तिचंच ऐकलं म्हनून."

मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. उद्या नीट सांगते."

उद्या शाळा भरलीच नाही. टीव्हीवर आणि मोबाइलवर पुन्हा मोठ्या पावसाचा इशारा आला आणि शाळेला सुट्टी पडली. त्याच संध्याकाळी शेषेराव वस्तीत आले. बरोबर त्यांची बायको सिंधु. वस्तीत पाणी शिरलं तेव्हा यायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. धोतर गाळाला लागू नये म्हणून एका हातात धरलेलं, डोळे तारवटलेले.

"सुगत, ऐक. ज्यानं मागितलं त्यानंच परत द्यावं लागतंय. पोरीला लिंब बांधू, उलट्या पावलानं घरोघर फिरवू, घरचं पानी तांब्यात घ्यायचं अन् ओढ्यात नेऊन वतायचं. पानी परत घे म्हनायचं. दुसरा पाऊस यायच्या आत झालं पायजे."

सुगतनं फावड्याचा दांडा घट्ट धरला. नजर खालीच. रेणुकाला वाटलं, बोल, बोल आता तरी. शेवटी तीच बोलली.

"न्हाई यायची माझी लेक."

"बघ बाई, पोळा आलाय अन् माझ्या दावनीला बैल न्हाई. म्या लेकरावानी सांभाळले होते." शेषेरावांचा आवाज खरंच कापला. "आमी कोनाला विचारावं?"

"माझ्या लेकराला नका विचारू, आप्पा. तुमचे बैल गेले त्याचं मलाबी वाईट वाटतंय. आमची लक्ष्मीबाई गेली. पर म्हनून सात वर्साच्या पोरीच्या डोक्यावर बसवनार का तुमी ते?"

सिंधु हळूच म्हणाली, "अगं, तसं केलं तर लेकरालाबी हलकं वाटंल."

हे वाक्य लुंबिनीनं ऐकलं. आतल्या ओल्या भिंतीला टेकून ती सगळं ऐकत होती.

सकाळी आभाळ काळं होऊन खाली आलं होतं. रेणुका हापश्यावर गाळाचे कपडे आपटत होती तेव्हा मधल्या गल्लीतून पोरांचा कालवा ऐकू आला. तिनं हातातलं धुणं तसंच टाकलं आणि धावत सुटली.

शेषेरावांच्या अंगणात लुंबिनी उलटी चालत होती. अंगभर लिंब. दोन्ही हातांत धरलेला तांब्या डोक्यावर. मागचं दिसत नव्हतं, म्हणून ती अडखळत होती, पडत होती, पाणी सांडलं की पुन्हा भरून आणत होती. गुडघा फुटून रक्त पिंडरीवर ओघळलं होतं. ओसरीवर शेषेराव, दोन-चार शेजारी, सिंधुच्या हातात घागर. पोरं दोन्ही बाजूंनी गाणं म्हणायचं सोडून बघत उभी. एकाही मोठ्या माणसाला त्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला नव्हता.

रेणुकानं लिंबाच्या डहाळ्या खसाखसा ओढल्या. सुतळी लेकीच्या कमरेला काचली.

"आमी बोलावलं न्हाई हं," शेषेराव घाईनं म्हणाले. "तीच आली आपल्या पायानं. विचार."

खरंच होतं ते. लुंबिनीनं आईचा हात धरला. "आई, करू दे न. दोनच घरं राहिलेत. करू दे न मला." एवढ्या दिवसांत लेकीनं मागितलं ते हे मागितलं. रेणुकाचं मस्तक फिरलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही.

ओसरीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. निवेदक सांगत होता, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे.

"ऐका!" रेणुका ओरडली. "ऐका तुमचाच टीव्ही काय म्हनून राहिला. बंगालचा उपसागर! तो काय ह्या पोरीनं दप्तरात घालून आनला व्हय? तुमाला पट्टा तिथं दिसतोय, अन् बांधून फिरवता हिला?"

"तू शांत हो, रेणुका. मान्सं बघून राहिली."

"बघू द्या की. इतके दिस कोनी बघितलं न्हाई." ती पोरांकडं वळली. "ए पुनम, इकडं ये. मॅडमनी काय सांगितलं? समुद्राला काय झालंय?"

"ताप," पुनम घाबरत बोलली.

"कशानं?"

"गोधडीनं. धुराच्या."

"धूर कोनी केला? हिनं केला? हिच्या पायात चप्पल न्हाई, हिनं कारखाना काढला का इमान उडवलं? ज्यांनी उडवलं ते कुठंतरी गार हवेत बसलेत. त्यांना कोन फिरवतंय उलट्या पायानं? हां, बोला! आमच्या चुलीचा धूर अन् आप्पाच्या ट्रॅक्टरचा धूर मिळून त्या समुद्राच्या नखालाबी लागायचा न्हाई."

ओसरीवरच्या एकानं घसा खाकरला. रेणुका थांबली नाही. तिचा आवाज चिरकला होता, त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"अन् एक सांगा रे लेकराहो. समुद्राला कान असत्यात का?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. एक पोरगा म्हणाला, "मासे असत्यात."

"कान?"

"नसत्यात," पुनमनं ठरवून टाकलं.

"मग हिनं मागितलेलं कोनी ऐकलं?" रेणुका ओसरीकडं फिरली. "तुमीच सांगा आप्पा. तुमाला तर कान हायत. ओढ्याला भिंत बांधा म्हनून आमची वस्ती किती वर्सं वरडून राहिली? आमचे केरबा मामा मरुस्तोर ग्रामसभेत उठून बोलायचे. लक्ष्मीबाई बोलायची, माझं घर कडेला हाय म्हनून. ऐकलं कोनी? मान्सांनी ऐकलं न्हाई. दोन पावलावरच्या मान्सांनी! अन् हिनं एक दिस पाऊस मागितला तो पार समुद्रानं ऐकला व्हय? आमच्या वस्तीच्या लेकराचा आवाज या वेशीच्या भाईर कवा गेलाय, तर तो समुद्रापस्तोर जाईल?"

टीव्हीवर जाहिरात लागली. सिंधुनं घागर खाली ठेवली, मग उगीच पुन्हा उचलली.

लुंबिनी तांब्या धरून आईकडं बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती. शाळेत गणित येत नसलं की पडायची तशी. तिनं रस्त्याकडं बघितलं, पुनमकडं बघितलं.

"आई, आता येनारा पाऊसबी समुद्राचाच?"

"हाव."

"परत घरात पानी येईल?"

रेणुकाला खोटं बोलता आलं असतं. "येईल. लई वर्सं येईल. आपून आज आज्जीला घेऊन शाळेत वर जाऊन ऱ्हाऊ. पर तो तू आनलेला न्हाई. आला तरी न्हाई, न्हाई आला तरी न्हाई."

लुंबिनीनं तांब्या उपडा केला. पाणी तिथंच अंगणात सांडलं. मग ती ओसरीच्या पायरीपाशी गेली आणि मान वर करून शेषेरावांसमोर उभी राहिली. अंगाला अजून दोन-चार पानं चिकटलेली, नाक वाहतंय, गुडघ्यातून रक्त.

"आप्पा," ती म्हणाली, "मग मला कामून फिरवलं?"

शेषेराव बायकोकडं बघू लागले.

"माझ्या अंगावर पानी कामून वतलं? मला थंडी वाजली होती. मग लक्ष्मीआज्जी मेली तवा समदी माझ्याकडं कामून बघत होती?" तिचा आवाज चढत गेला, हळू बोलायचं ती विसरूनच गेली. "सांगा न! सांगा न आप्पा!"

मोठ्या माणसावर असं ओरडणाऱ्या लेकराच्या पाठीत एरवी रेणुकानं धपाटा घातला असता. सुगत धापा टाकत अंगणात येऊन पोचला होता, त्यानं सवयीनं पोरीला ओढायला हात पुढं केला. रेणुकानं तो हात मधेच धरला.

"थांबा," ती म्हणाली. "तिनं इचारलंय. त्यांना बोलू द्या."